गिअरबॉक्स बदलण्याआधी चाक उघडा

पत्र: आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये आणि लागूनच्या ले-आउटच्या बागेत मिळून सहा हजार चौरस फूट हिरवळ आहे. तिच्यासाठी चार वर्षांपूर्वी पेट्रोलवरची, मागच्या चाकांवर आपोआप चालणारी गवत कापायची मशीन घेतली. यंदा उन्हाळाभर ती टिनाच्या शेडमध्ये उभी होती. पाऊस लागल्यावर बाहेर काढली. इंजिन लगेच सुरू झालं, पण लिव्हर दाबल्यावर मशीन दहा-पंधरा मिनिटं बरी चालते आणि मग मंदावते. गवताची पिशवी भरली की चढावर जागीच उभी राहते, इंजिनचा आवाज मात्र तसाच. शिवाय ती सारखी डावीकडे वळते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बाजारातून नवीन पट्टा आणून टाकला आणि वायर ताणून दिली. आता लिव्हर सोडली तरी मशीन हळूहळू पुढे सरकत राहते आणि चढावरचं दुखणं आहे तसंच आहे. तो म्हणतो गिअरबॉक्स गेला. भाव ऐकून कमिटीत दोन तट पडलेत. बदलावा का? – सचिव, मनीषनगर, नागपूर

उत्तर:

नमस्कार ताई,

आत्ता बदलू नका. तुमच्या पत्रातल्या खुणा तीन वेगवेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात, आणि त्यातली एकही गिअरबॉक्सची नाही. डावीकडे वळणं ही डाव्या चाकाच्या आतल्या छोट्या गिअरची खूण. तापल्यावर मंदावणं ही पट्ट्याची. लिव्हर सोडल्यावरही सरकत राहणं ही गरजेपेक्षा जास्त ताणलेल्या वायरची, म्हणजे दुरुस्तीतून आलेली. गिअरबॉक्स ठणठणीत आहे असं मशीन न बघता म्हणता येणार नाही. पण या मशीनमध्ये साधारणपणे एका गिअरबॉक्समधून एकच आडवा दांडा निघतो आणि दोन्ही चाकं त्याच दांड्यावर चालतात. गिअरबॉक्स बसला तर दोन्ही चाकं एकदम सुस्त होतात, मशीन एका बाजूला वळत नाही.

इंजिनचा आवाज बदलत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. चढावर मशीन थांबताना इंजिनही घुसमटत असतं तर दोष इंजिनकडे असता: तुंबलेला एअर फिल्टर, शिळं पेट्रोल, पात्याखाली साचलेला गवताचा थर. इंजिन मजेत गुरगुरतंय आणि चाकं थांबतायत, याचा अर्थ ताकद तयार होतेय पण वाटेत कुठेतरी निसटतेय.

ती वाट अशी आहे. इंजिनचा उभा दांडा खाली येतो, त्याच्या तळाशी पातं असतं आणि पात्याच्या वर एक पुली. त्या पुलीवरून व्ही-पट्टा मागच्या गिअरबॉक्सच्या पुलीवर जातो. हँडलवरची लिव्हर दाबली की वायर ओढली जाते. काही मशीनमध्ये वायरीने सगळा गिअरबॉक्सच थोडा मागे झुकतो आणि सैल असलेला पट्टा ताणला जातो. काहींमध्ये पट्टा कायम ताणलेला असतो आणि वायर गिअरबॉक्सच्या आतला क्लच लावते. तुमच्याकडे वायर ताणल्यावर मशीन आपोआप सरकायला लागली म्हणून पहिला प्रकार असावा असा आमचा अंदाज आहे, पण मागचं झाकण काढून एकाने लिव्हर दाबावी आणि दुसऱ्याने बघावं. गिअरबॉक्स हलला तर पहिला प्रकार, नुसता त्याचा छोटा हात हलला तर दुसरा. गिअरबॉक्सच्या आत गती कमी होते, आडवा दांडा फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांना छोटे गिअर असतात आणि ते चाकाच्या आतल्या मोठ्या, बहुतेक वेळा प्लास्टिकच्या, दातेरी कड्याला फिरवतात.

आधी इंजिन बंद ठेवून

पुढचं सगळं करताना स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला बांधून ठेवा. यात तडजोड नाही. पातं हाताने फिरलं तरी इंजिन फिरतं, आणि गरम इंजिन तेवढ्यानेही एखादा ठोका घेऊ शकतं.

आता फरशीवर किंवा काँक्रीटवर मशीन उभी करा, लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मशीन सरळ मागे ओढा. दोन्ही मागची चाकं अडकून घासत यायला हवीत. आत किडा-गिअर (वर्म गिअर, स्क्रूसारख्या आट्यांचा) असतो, तो चाकाकडून उलटा फिरवता येत नाही, म्हणून चाकं अडकतात. दोन्ही अडकली तर चाकांचे गिअर आणि गिअरबॉक्स बहुधा चांगले आहेत आणि संशय पट्ट्यावर येतो. एकच अडकलं तर जे मोकळं फिरलं त्या चाकात बिघाड. दोन्ही मोकळी फिरली तर वायर, क्लच, किंवा दोन्हीकडचे छोटे गिअर. ज्या प्रकारात गिअरबॉक्स झुकतो त्यात लिव्हर न दाबताही चाकं थोडी अडू शकतात. त्यामुळे त्या प्रकारात ही परीक्षा मुख्यतः डावं-उजवं तुलना करायला वापरा. तुमच्याकडे उजवं चाक अडकेल आणि डावं फिरेल अशी आमची अपेक्षा आहे. फक्त उजवं चाक रेटत असलं की मशीन डावीकडेच वळणार.

खात्री करायला मागची बाजू विटांवर उचला, म्हणजे चाकं अधांतरी राहतील. प्रत्येक चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा: बारीक टिक-टिक आवाज करत मोकळं फिरायला हवं. मागच्या दिशेने फिरवा: आतला दांडा धरून त्याला सोबत फिरवायला हवं, किंवा अडायला हवं. दोन्ही दिशांना सारखंच मोकळं फिरत असेल तर त्या चाकाचा छोटा गिअर दांड्याला पकडत नाहीये.

डावं चाक

हे काम माळीकाका आणि तुम्ही मिळून तासाभरात कराल. चाकाच्या मधोमध बोल्ट असतो, बहुधा १३ किंवा १४ मिलिमीटरचा किंवा १/२ इंचाचा. गोटी पाना वापरा, चपटा पाना नको, कारण गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल झाले की दुसरंच काम उभं राहतं. बोल्ट काढण्याआधी खाली पांढरा कपडा अंथरा आणि उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. चाक बाहेर आल्यावर आत धुळीचं झाकण, त्यामागे दांड्याच्या टोकाला ई-आकाराची क्लिप, वॉशर आणि मग छोटा गिअर दिसेल. क्लिप काढताना तिच्यावर बोट ठेवा, ती उडते. गिअर बाहेर ओढला की दांड्याच्या खाचेतून एक लहानसा लोखंडी तुकडा खाली पडतो, त्याला मेकॅनिक चावी म्हणतात. तो हरवला तर सगळं काम ठप्प होतं, म्हणून पांढरा कपडा.

ही चावी सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या कुत्र्यांसारखं, म्हणजे एकाच दिशेला अडकणाऱ्या खिट्ट्यांसारखं, काम करते: दांडा पुढे फिरला की ती गिअरच्या आतल्या खाचेत अडकून त्याला ओढते आणि चाक दांड्यापेक्षा पुढे धावलं की मागे सरकून सोडून देते. म्हणूनच इंजिन बंद असताना मशीन ढकलत नेता येते. काळ्या मातीचा चिखल आणि गवताचा भुसा आत शिरून वाळला की चावी खाचेतच चिकटून बसते आणि बाहेर येतच नाही. पावसाळ्याच्या शेवटी न धुता ठेवलेली मशीन नवतपात टिनाखाली उभी राहिली की हा चिखल विटेसारखा कडक होतो. तुमची मशीन उन्हाळाभर बंद होती आणि बिघाड पहिल्याच पावसात दिसला, म्हणून आमचा पहिला संशय झिजेपेक्षा या चिकटण्यावर आहे. तसं असेल तर खर्च जवळपास शून्य.

चावी, गिअर आणि दांड्याची खाच रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. पेट्रोल वापरू नका. मग बघा:

- चावीचे कोपरे तीक्ष्ण आहेत की गोल झालेत. गोल असतील तर नवीन चावी घ्या, घासून धार लावू नका. लहान झालेली चावी आणखी घसरते.
- छोट्या गिअरचे दाते टोकाशी निमुळते झालेत का, आतल्या खाचांच्या कडा उडाल्यात का.
- चाकाच्या आतलं दातेरी कडं. प्लास्टिकचे दाते झिजले की खाली पांढरट चुरा सापडतो. दात अर्धे उरले असतील तर नुसता छोटा गिअर बदलून उपयोग नाही, नवे दाते उरलेले जुने दाते काही आठवड्यांत खातील. चाक आणि गिअर सोबत बदला.
- दांडा वर-खाली हलवून बघा. ज्या बुशमधून तो फिरतो ते सैल झालं असेल तर दांडा भार आल्यावर सरकतो, गिअर कड्यापासून लांब जातो आणि दात उड्या मारतात. जोर लागल्यावर कट-कट असा आवाज येतो तो हाच.

दाते चांगले आणि चावी मोकळी असेल तर खाचेत पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, चावी बोटाने आत-बाहेर सरकते का बघा आणि जोडा. दातांवर ग्रीस थापू नका. गॅरेजमधली मंडळी प्रेमाने मूठभर ग्रीस भरतात, पण उघड्या दातांवर ग्रीसला चिकटलेली माती कानशीसारखी घासत राहते. बंद झाकणाच्या काही मॉडेलमध्ये कंपनी थोडं ग्रीस सांगते. तिथे पुस्तिकेत असेल तेवढंच.

जोडताना एक चूक वारंवार होते. डाव्या आणि उजव्या बाजूचे छोटे गिअर दिसायला सारखे असतात, पण आतल्या खाचांचा उतार एकमेकांच्या उलट असतो. बहुतेकांवर डाव्या-उजव्याची इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. दोन्ही चाकं एकाच वेळी उघडली आणि गिअरांची अदलाबदल झाली तर मशीन पुढे चालतच नाही, आणि लिव्हर दाबून पुढे ढकलली तर अडते, मागे ओढली तर मोकळी येते. अगदी उलटं. म्हणून आधी डावं उघडून, साफ करून, पूर्ण बंद करा, मगच उजव्याला हात लावा. उजवं चांगलं चालत असलं तरी उघडाच, त्याच चिखलात तेही होतं.

चाकाचा बोल्ट घट्ट केल्यावर चाक हाताने सहज फिरलं पाहिजे, किंचित आडवा खेळ राहिला तरी चालेल.

पट्टा: मेकॅनिकचा हेतू बरोबर, माप चुकलं

आता तापल्यावर मंदावण्याचं. पट्टा सुरुवातीला पकडतो, घसरू लागला की घर्षणाने तापतो, तापला की त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि आणखी घसरतो. दहा-पंधरा मिनिटांचा हिशोब इथे बसतो. मूळ पट्टा चार वर्षांत ताणला गेला होता, हे मेकॅनिकचं निदान आम्हाला पटतं. पण नवीन पट्टा टाकूनही दुखणं तसंच राहिलं, म्हणजे पट्टा चुकीचा आला असण्याची शक्यता मोठी आहे.

कॉटन मार्केटात किंवा इतवारीच्या लोहाओळीत पट्टा मागितला की समोर येतो तो पिठाच्या गिरणीचा, कॉम्प्रेसरचा ‘ए’ सेक्शनचा पट्टा: वरची रुंदी १३ मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर. गवताच्या मशीनला बऱ्याचदा ‘४एल’ जातीचा पट्टा लागतो. त्याचीही रुंदी १/२ इंच, त्यामुळे दुकानात शेजारी धरले तर दोन्ही सारखेच वाटतात. फरक दोन आहेत.

पहिला लांबीचा, आणि फसगत इथेच होते. ‘४एल ३५०’ म्हणजे बाहेरून मोजलेली लांबी ३५.० इंच. ‘ए ३५’ म्हणजे आतून मोजलेली लांबी ३५ इंच, बाहेरून तो साधारण ३७ भरतो. पट्ट्यावर ३५० वाचून ए ३५ आणला की तो दोन इंच लांब निघाला. ४एल ३५० च्या जवळचा ए पट्टा म्हणजे ए ३३. एवढ्या छोट्या मशीनमध्ये दोन इंच म्हणजे फार झाले: गिअरबॉक्स शेवटपर्यंत झुकला तरी पट्टा पुरेसा ताणला जात नाही.

दुसरा फरक कडकपणाचा. कारखान्याच्या कामाचा ए पट्टा जाड आणि ताठ असतो, कारण त्याने कायम ताणलेलं राहायचं असतं. गवताच्या मशीनच्या पट्ट्याने लिव्हर सोडली की पुली सोडायची असते, आणि पुन्हा दाबल्यावर हळूच पकडायची असते. तो लवचीक असतो, आतले दोरे घसरण सोसतील असे असतात. ताठ पट्टा सैल सोडला तरी पुलीच्या खोबणीत चिकटून राहतो आणि तिला थोडी थोडी फिरवत राहतो.

आता तुमची कथा जुळते. पट्टा लांब आला असणार, मशीन नीट ओढेना, म्हणून मेकॅनिकने वायर शेवटपर्यंत ताणली. ताणलेल्या वायरीमुळे लिव्हर सोडली तरी गिअरबॉक्स पूर्णपणे मूळ जागी परतत नाही, आणि ताठ पट्टा पुलीला घासत राहतो. सपाटीवर सरकायला तेवढं घर्षण पुरतं, भरल्या पिशवीने चढ चढायला पुरत नाही. एकाच मशीनमध्ये दोन्ही तक्रारी एकत्र येतात ते असं.

लिव्हर सोडल्यावर पुढे जाणारी मशीन दुरुस्त होईपर्यंत कुणालाही वापरू देऊ नका, विशेषतः लहान मुलं खेळतात त्या बाजूला.

योग्य पट्टा शोधायला सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मशीनच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक देऊन कंपनीचा भाग क्रमांक मागणं. ते जमलं नाही तर मूळचा जुना पट्टा हुडका. त्याच्या बाहेरच्या बाजूला खडूची खूण करा, खूण जमिनीवर टेकवून पट्टा उभा धरा आणि एक पूर्ण फेरा सरळ लोळवा. दोन खुणांमधलं अंतर ही बाहेरची लांबी. चार वर्षांचा पट्टा थोडा वाढलेला असतो, म्हणून निघालेल्या मापापेक्षा किंचित कमी, अर्ध्या इंचाच्या आतबाहेर, असं माप घ्या. रुंदी ३/८ इंच निघाली तर तो ४एल नाही, ३एल आहे, आणि तिथे १३ मिलिमीटरचा पट्टा खोबणीच्या वर तरंगत राहील.

बदलण्यासाठी मशीन आडवी करावी लागते. टाकीतलं पेट्रोल आधी वापरून किंवा काढून संपवा. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू नेहमी वर. चुकून खाली आली तर इंजिनचं तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी अख्ख्या स्कीमला पांढरा धूर दिसतो. पात्याच्या आणि बॉडीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, जाड हातमोजे घाला आणि मधला बोल्ट सोडवा. साधारणतः हे नेहमीच्या दिशेचे आटे असतात, पात्याकडे तोंड करून उलट्या दिशेने सुटतात. पातं, त्यामागचा वॉशर आणि पकड काढताना कुठली बाजू वर होती त्याचा फोटो. पट्टा आधी गिअरबॉक्सच्या पुलीवरून उतरवा, मग इंजिनच्या पुलीवरून.

पट्टा निघालाय तर दोन्ही पुल्या बघा. खोबणीच्या बाजू गंजलेल्या असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. खोबणीचा तळ चकचकीत असेल तर पट्टा तळाला टेकत होता: एकतर पट्टा अरुंद, नाहीतर पुली झिजलेली. व्ही-पट्ट्याची पकड बाजूंनी असते, तळाने नाही. नवा पट्टा खोबणीत बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाला साधारण समपातळीत यायला हवी. इंजिनच्या पुलीभोवती काळं तेल जमलं असेल तर खालची ऑइल सील गळतेय. ती बदलल्याशिवाय कितीही पट्टे टाका, तेलाने भिजणारच. आणि पट्ट्याला राळ, साबण, चिकटपणा वाढवणारा स्प्रे यांपैकी काहीही लावू नका.

पट्टा घालताना पुलीजवळच्या तारेच्या किंवा पत्र्याच्या आडांच्या आतून गेला पाहिजे. हे आड पट्टा सैल असताना त्याला पुलीवर राखतात. एक जरी बाहेर राहिला तरी पट्टा लिव्हर सोडल्यावर निसटतो. पात्याची वर वळलेली कडा मशीनच्या पोटाकडे. बोल्ट ५० न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट होतो, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेतला घ्या आणि शक्य असेल तर टॉर्क पाना मागून आणा.

वायर

नवा पट्टा बसल्यावर वायर पहिल्यापासून लावायची. मेकॅनिकने ताणलेला नट पूर्ण सैल करा आणि मग अर्धा-अर्धा आटा घट्ट करत जा. लिव्हरचा सुरुवातीचा एक-तृतीयांश हिस्सा मोकळा गेला पाहिजे, साधारण अर्ध्यावर चाकांनी धरायला सुरुवात करावी आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत पूर्ण जोर यावा. लिव्हर सोडल्यावर मशीन मागे सहज यायला हवी. काही मशीनमध्ये सोडल्यावर एकदम मागे ओढली तर चाकं अडतात. आधी चार बोटं पुढे ढकलली की चाव्या सुटतात आणि मग मागे येते. हा दोष नाही, माळीकाकांना एवढं सांगून ठेवा म्हणजे ते हिसके देणार नाहीत.

वायर नीट लागत नसेल तर वरच्या टोकाला जेवढी ओढली जाते जवळपास तेवढीच खालच्या टोकाला सरकते का बघा. खाली फारच कमी सरकत असेल तर बाहेरचं कव्हर कुठेतरी दबलंय किंवा क्लिपमधून सुटलंय. हँडल घडी करून ठेवलेल्या मशीनमध्ये वायर वळणावर मोडते, तिथे आधी हात फिरवा. तारेचे केस सुटले असतील तर बदलाच. कंपनीची वायर मिळेपर्यंत दुचाकीच्या वायरी बनवून देणाऱ्याकडून तेवढ्याच लांबीची करून घेतली तर काम भागतं, पण खालच्या टोकाची मूळ स्प्रिंग तिला जोडलीच पाहिजे. स्प्रिंग नसेल तर लिव्हरचा सगळा जोर सरळ पट्ट्यावर जातो आणि तो वर्षभरही टिकत नाही.

मग गिअरबॉक्स

इतकं करूनही चढावर मशीन थांबली तरच गिअरबॉक्सकडे वळा. तपासायला पट्टा उतरवा, चाकं अधांतरी ठेवा आणि गिअरबॉक्सची पुली हाताने फिरवा. क्लचच्या प्रकारात त्या वेळी कुणीतरी लिव्हर दाबून धरावी. पुलीच्या बऱ्याच फेऱ्यांत चाकं थोडीशी सरकतील, पण सरकली पाहिजेत. पुली फिरतेय आणि तिच्या मधला दांडा जागचा हलत नाही असं दिसलं तर पुलीची पिन किंवा चावी तुटली आहे. हा किरकोळ खर्च आहे आणि याच कारणासाठी चांगले गिअरबॉक्स बदलले जातात. पुली आणि दांड्यावर खडूने एक सरळ रेघ ओढा, फिरवा, रेघ तुटली की कळेल. दांडाही फिरतोय पण आडवा दांडा थांबलेला, किंवा आतून खरखर येतेय आणि पुली हाताने हलवली तर डोलतेय, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं. तसे गिअरबॉक्स बहुतेक बंद डब्यासारखे असतात, उघडून दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बदलणं परवडतं. खरेदीआधी कमिटीने एवढी एक खडूची रेघ मागावी.

माळीकाकांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात गवत दर आठवड्याला कापा आणि उंची पाच-सहा सेंटिमीटरवर ठेवा. पंधरा दिवसांनी ओलं, गुडघ्याएवढं गवत एकदम खाली उतरवलं की पातं, पट्टा आणि चाकं तिघांवर भार येतो. आणि मशीन धुताना पाइपची धार मागच्या झाकणावर किंवा चाकांच्या मधोमध मारू नका. पात्याखालचं गवत लाकडी पट्टीने खरवडा आणि चाकांच्या आतली माती ओली असतानाच ब्रशने काढा. चाकांची बाहेरची नक्षी पूर्ण झिजली असेल तर ओल्या उतारावर चाकं जागेवर फिरतील आणि सगळं दुरुस्त असूनही मशीन पुढे जाणार नाही. तेव्हा चाक फिरतंय की थांबलंय हे एकदा खाली वाकून बघायला सांगा.

नवा पट्टा पहिल्या वापरात खोबणीत बसतो आणि थोडा सैल होतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या कापणीनंतर इंजिन थंड होऊ द्या, प्लगची कॅप काढा, पात्याचा आणि दोन्ही चाकांचे बोल्ट पुन्हा तपासा आणि लिव्हर अर्ध्यावर धरत नसेल तर वायर अर्धा आटा घट्ट करा.